केळफुलाचा रंग भिंतीवर आणताना

प्रश्न चोपड्याच्या एका ताईंचा आहे. घर बांधून झालंय, रंगकाम राहिलंय. हॉल १४ बाय १८ फुटांचा, मोठी खिडकी पश्चिमेला, खिडकीबाहेर केळीचा मळा. फरशी क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड, दारं सागवानी. ताईंना भिंतींना जांभळट झाक असलेला मातकट करडा रंग हवा आहे, शेडकार्डावर ज्याला मोव्ह-ग्रे म्हणतात तो. पेंटर म्हणतो, "ताई, हाऊ रंग मयकट दिसस." सासूबाईंना तो सुतकी वाटतो. शिवाय ताई उडदाच्या आणि नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचा घरगुती धंदा सुरू करतायत. पाकिटालाही हाच रंग घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी जळगावात २४ वर्षं घरांच्या आणि दुकानांच्या रंगसंगतीचं काम करते, आणि हा रंग माझा फार आवडता आहे. तरी आधी सांगते, तुमचा पेंटर चुकीचं बोलत नाहीये आणि सासूबाईही नाहीत. हा रंग मळका आणि सुतकी दिसू शकतो. माझ्याच हातून तो तसा दिसलेला आहे, ती गोष्ट पुढं येईल. आणि याच रंगाच्या भिंतीपाशी मे महिन्याच्या दुपारी लोक टेकून बसले आणि "इथं डोळ्याला बरं वाटतं" म्हणाले, हेही मी पाहिलंय.

लाल, हळदी, मोरपंखी हे रंग कुठंही नेले तरी आपलं नाव सांगतात. मोव्ह-करड्याचा आवाज बारीक असतो. शेजारी कोण बसलंय आणि उजेड कुठला पडलाय, त्यावर तो गुलाबी, निळा, तपकिरी किंवा नुसता सिमेंटसारखा दिसतो. म्हणून हा रंग निवडायचा सगळ्यात शेवटी. तुमची फरशी आणि दारं ठरलेली आहेत, हे चांगलं आहे. दिवे आणि पडदे राहिलेत. ते ठरेपर्यंत रंगाचा डबा घरात आणू नका.

आता हा रंग नेमका कुठला, ते आपल्या भाषेत पक्कं करू, कारण निम्मे घोळ इथंच होतात. खिडकीबाहेरच्या मळ्यात जा आणि एक केळफूल हातात घ्या. आपले शेतकरी ज्याला कमळ म्हणतात तेच. त्याच्या पाकळीची आतली बाजू लालभडक, तुकतुकीत असते. बाहेरची बाजू जांभळट, आणि तिच्यावर मेणाचा पातळ, पांढुरका थर असतो. बोटानं पुसलं की खालचा जांभळा उघडा पडतो. न पुसलेला भाग, जिथं जांभळ्यावर राख बसल्यासारखी वाटते, तो तुमचा रंग. दुसरी खूण स्वयंपाकघरातली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी तव्यावरून उतरली की तिचा जो राखाडी रंग असतो, तो थंड नसतो, त्यात उडदाच्या सालाची गरम झाक असते. केळफुलातली जांभळी झाक आणि कळण्यातली माती, दोन्ही मिळून जे होतं ते तुम्हाला हवंय. पेंटरला दुकानात पाठवताना ही पाकळी सोबत द्या. मी खरंच असं केलंय, आणि मशिनवरच्या मुलानं शेडकार्ड न उघडता योग्य कप्प्यात हात घातला.

साड्यांच्या रंगांची नावं ज्या बाईला येतात तिला तर हे समजवावंच लागत नाही. आमसुली, अंजिरी, उदी, राखाडी असे शब्द आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अंजिरीत राख मिसळा आणि वर थोडं ज्वारीचं पीठ भुरभुरवा, असं मी माझ्या पेंटरांना सांगते. ते हसत नाहीत, त्यांना नेमकं कळतं.

'मोव्ह' हा शब्द मात्र दुकानात एकटा वापरू नका. त्याचा जन्मच भडक आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन नावाचा १८ वर्षांचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनमधून हिवतापावरचं क्विनीन बनवायच्या खटपटीत होता. क्विनीन झालं नाही, काळपट गाळ हाती आला, आणि तो स्पिरिटमध्ये विरघळवल्यावर झळझळीत जांभळा रंग मिळाला. प्रयोगशाळेत बनून बाजारात गाजलेला हा पहिला कृत्रिम रंग. पुढं त्याला मोव्ह हे नाव पडलं, ते मॅलो या फुलझाडाच्या फ्रेंच नावावरून. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात याच रंगाचा पोशाख घालून आली आणि युरोपात त्याची लाट उसळली. तेव्हा नुसतं "मोव्ह द्या" म्हटलं आणि दुकानदारानं लव्हेंडर हातात ठेवलं, तर त्याला दोष देता येत नाही. "मातकट, करड्याकडं झुकणारा" हे शब्द आधी म्हणा, जांभळा नंतर.

संगणकावर ज्याला काम करायचंय त्याच्यासाठी आकडे देते, तिथं प्रत्येक रंग ० ते २५५ मध्ये मोजतात. मी ज्या मध्यम छटेपासून सुरुवात करते तिच्यात लाल १४२, हिरवा १२७, निळा १३४ असतो. पाहा, तिन्ही आकडे किती जवळजवळ आहेत. हिरवा सगळ्यात कमी म्हणून जांभळी झाक, आणि लाल निळ्यापेक्षा जास्त म्हणून ती झाक मातीकडं जाते. निळा लालच्या वर गेला की रंग थंड होतो आणि सासूबाईंचा शब्द खरा ठरायला लागतो. या छटेवर पडलेल्या उजेडापैकी साधारण २२-२३ टक्केच परत येतो. भिंतीसाठी हे बरंच गडद झालं. हीच छटा पांढऱ्यात उतरवून २०५, १९५, १९८ वर नेली की ५६ टक्क्यांच्या आसपास उजेड परत येतो. तुमच्या १४ बाय १८ च्या हॉलला एकच खिडकी आहे, म्हणून तीन भिंतींना ही उतरवलेली छटा आणि एकाच भिंतीला मध्यम छटा, असं मी करीन. चारही भिंती मध्यम छटेत केल्या तर दिवसा दिवे लावावे लागतील.

आता शेजारी. फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ गोब्लांच्या सरकारी विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा निळ्या-जांभळ्या कापडात फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी धागा तपासला, त्यात खोट नव्हती. शेजारचा रंग आपला विरोधी रंग त्याच्यावर टाकत होता. त्यांनी हा सगळा विचार १८३९ मध्ये ग्रंथरूपानं मांडला. तुमच्या हॉलचं गणित त्यातच आहे.

तुमची फरशी क्रीम, म्हणजे पिवळ्याच्या घरातली. पिवळ्याचा विरोधी जांभळा. त्यामुळं दुकानात करडा वाटलेला रंग तुमच्या फरशीवर उभा राहिला की दोन पायऱ्या जास्त जांभळा दिसणार. सागवानी दारांमध्ये नारिंगी असते, ती याच रंगाला निळसर करते. म्हणून तुम्ही शेडकार्डावर मनापासून आवडलेली छटा घेऊ नका. तिच्याहून थोडी जास्त मातकट, जास्त तपकिरी घ्या. भिंतीवर गेल्यावर फरशी आणि दारं मिळून तिला तुमच्या मनातल्या जागी आणून ठेवतील. ज्यांच्याकडं कोटा फरशी आहे त्यांचं वेगळं. कोट्यात हिरवट झाक असते, तिच्यावर हा रंग गुलाबी होतो. तिथं थोडी जास्त करडी छटा लागते. शहाबादी फरशीशी याचं चांगलं जमतं, फार काही करावं लागत नाही.

खिडकीबाहेरचा केळीचा मळा ही तुमच्या हॉलमधली सगळ्यात मोठी रंगाची वस्तू आहे, आणि ती घरात दोन उलट्या गोष्टी करते. खिडकीशेजारची भिंत आणि बाहेरचा हिरवा रंग डोळ्याला एकदम दिसतात, त्यामुळं ती भिंत गुलाबीकडं झुकलेली वाटते. खिडकीसमोरच्या भिंतीवर मात्र पानांवरून उसळलेला हिरवट उजेड प्रत्यक्ष पडतो आणि तो जांभळी झाक खाऊन टाकतो. ती भिंत नुसती करडी होते. एकाच डब्यातला रंग दोन भिंतींवर दोन दिसतो तो असा. पेंटरवर ओरडून उपयोग नाही. मध्यम छटा खिडकीसमोरच्या भिंतीला द्या. ती गडद असल्यामुळं झाक थोडी हरवली तरी रंग टिकून राहतो. आणि केळी काढल्यावर मळा रिकामा होतो तेव्हा तिकडून काळ्या मातीचा उजेड येणार, हॉल वेगळा दिसणार. मला हे आवडतं. घराला शेताचा हंगाम कळतो.

दिव्यांबद्दल जरा थांबून बोलते, कारण आपल्या भागात हा रंग बिघडतो तो दिव्यांमुळं. दुकानातून आपण जे एलईडी आणि ट्यूब आणतो ते बहुतेक ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पांढरेफट्ट निळसर असतात. "उजेड जास्त पडतो" म्हणून तेच आवडतात. त्या उजेडात मोव्ह-करड्यातली माती मरते आणि निळा वर येतो, भिंत थंड दिसते. २७०० किंवा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात उलट होतं: जांभळा दबतो, रंग तपकिरी-गुलाबी होतो, संध्याकाळी फार सुरेख दिसतो, पण वही-पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलांना कमी उजेड वाटतो. तुम्ही मधले ४००० केल्विनचे दिवे छतात घ्या आणि बसायच्या जागी एक-दोन ३००० चे. खोक्यावर आणखी एक आकडा असतो, कलर रेंडरिंग इंडेक्स, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप; सीआरआय असं छापलेलं असतं. तो ८० असेल तर चालतं, ९० किंवा वर असेल तर थोडे जास्त पैसे मोजा. कमी आकड्याच्या दिव्यात लाल अंश उणा पडतो, आणि या रंगात लाल आधीच चिमूटभर. तेवढाही गेला तर हाती नुसती राख उरते.

माझी चूक इथंच झाली होती. भुसावळच्या एका घरात मी हॉलच्या चारही भिंतींना मध्यम छटा दिली. फरशी कोटा, पडदे करडे, दिवे ६५०० चे. रिकाम्या खोलीत मला ते सगळं फार नेटकं वाटलं होतं. त्या घरातल्या आजी ऑपरेशननंतर आठवडाभर हॉलमध्येच झोपून होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर जाऊन म्हणायचा, "खूप खराब झाल्या." आजींची तब्येत सुधारत होती, पण त्या भिंतीपुढं आणि त्या उजेडात त्यांचा चेहरा पिवळट आणि ओढलेला दिसत होता. जांभळट पार्श्वभूमी आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीतला पिवळा उठवते. मी खोलीचा रंग ठरवला होता आणि खोलीत बसणाऱ्या माणसाचा रंग विसरले होते. मी माझ्या खर्चानं तीन भिंती फिक्या करून दिल्या, दिवे बदलले, खाली हळदी आणि विटकरी पट्ट्यांची चटई टाकली. आजींच्या पाठीमागच्या भिंतीत लालसर माती वाढवली. तेव्हापासून प्रत्येक घरी मी आधी विचारते, माणसं कुठं बसणार. तुमच्याही घरी सोफ्यामागच्या भिंतीची छटा बाकीच्यांपेक्षा जरा लालसर ठेवा. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण चेहरे बरे दिसतील.

हे सगळं कागदावर पटत नसतं, डोळ्यांनी पाहावं लागतं. त्यासाठी भिंतीवर पॅच मारू नका. भोवती प्राइमरचा पांढरा किंवा जुना पिस्ता रंग असतो, त्याच्याशी तुलना होऊन डोळा फसतो. दोन बाय दोन फुटांची हार्डबोर्डची फळी घ्या, तिला प्राइमर मारा, रंगाचे दोन हात द्या, एक दिवस वाळू द्या. ओला इमल्शन फिका दिसतो, वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून घाईत पाहून ठरवलेलं फसतं. अशा तीन फळ्या करा: एक तुम्हाला आवडलेली, एक जास्त मातकट, एक जास्त करडी. त्या फरशीला टेकवून उभ्या करा, मग सागवानी चौकटीला लावून, मग खिडकीसमोर. सकाळी आठला, दुपारी बाराला, आणि सूर्य पश्चिमेच्या खिडकीतून आत शिरतो त्या पाचच्या सुमारास पाहा. रात्री दिव्यात पाहा. संध्याकाळच्या तांबूस उन्हात तिन्ही छान दिसतील, त्या वेळेवर निर्णय घेऊ नका. दुपारी बारा आणि रात्री नऊ, या दोन वेळांना जी टिकली ती घ्या.

आणि मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "कुठली घेऊ" असं विचारू नका, ताई. मोबाइलचा कॅमेरा पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून स्वतःच उजेड दुरुस्त करतो, आणि त्यात अशी बारीक झाक सगळ्यात आधी धुतली जाते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला साधा करडा दिसेल आणि मी चुकीचं उत्तर देईन.

रंग मशिनवर बनवून घेताना दुकानदाराला विचारा की जांभळी झाक कुठल्या स्टेनरनं, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायच्या दाट रंगानं, आणली जातेय. चमकदार सेंद्रिय जांभळा स्टेनर पांढऱ्यात खूप पातळ केला की उन्हात लवकर विटतो, विशेषतः पश्चिमेच्या खिडकीपाशी. लाल ऑक्साइड, काळा आणि किंचित निळा यांच्यातून बनवलेली छटा जास्त टिकते. लाल ऑक्साइड म्हणजे मुळात आपला गेरू, लोहाचा ऑक्साइड. गंमत अशी की याच ऑक्साइडचे कण मोठे झाले की तो स्वतःच जांभळ्याकडं झुकतो. खूप तापवून बनवलेला असा जांभळट गेरू चित्रकारांच्या पेटीत शतकानुशतकं आहे. मातीच्याच पोटात हा रंग आहे. आपल्या डोंगरांतला बेसाल्टही सगळाच काळा नसतो. बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा जो थर असतो, ज्यात सावद्याकडं जगभर नावाजलेले झिओलाइटचे स्फटिक सापडतात, तो कित्येकदा जांभळट करडाच असतो. विहीर खणताना निघालेला दगड पाण्यानं ओला करून पाहा.

सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. १८ फूट लांब, १० फूट उंच भिंत म्हणजे १८० चौरस फूट. एक लिटर दोन हातांना साधारण ६०-७० चौरस फूट पुरतो, म्हणजे त्या भिंतीला तीन लिटर धरा. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच लावा. लाल भिंतीत डब्याडब्यातला फरक झाकला जातो, या रंगात कोपऱ्यात रेघ दिसते. झाकणावरचं मशिनचं लेबल काढून घराच्या फाइलला चिकटवा. फिनिश धुता येणारा मॅट घ्या. साधा मॅट आपल्याकडच्या धुळीत आणि मुलांच्या हातांनी चार महिन्यांत डागाळतो, आणि मग पेंटरचं "मयकट" खरं होतं. चकचकीत तर नकोच. मेणाचा थर पुसलेल्या केळफुलासारखा तो जांभळा उघडा पडतो.

छत आणि चौकटीच्या कडा पांढऱ्या करताना निळसर शुभ्र पांढरा टाळा. मांजरपाटाचा, न धुतलेल्या कापसाचा जो पांढरा असतो, तो याच्याशेजारी बसतो. फार पिवळट सायीचा पांढराही नको, तो पुन्हा भिंत जांभळी करेल, आणि ते काम तुमची फरशी आधीच करतेय. पडदे मांजरपाटाच्या रंगाचे जाडसर सुती घ्या. पितळेचा एखादा हंडा, तांब्याची समई या रंगापुढं फार खुलतात. हळदीचा पिवळा एक उशी किंवा एक चटई एवढाच. मिरचीचा लाल मी टाळते. नंदुरबारच्या पथारीवर वाळणारी मिरची पाहून कुणाला लाल आवडणार नाही, पण या रंगाशेजारी तो आरडाओरडा करतो. हिरवा वेगळा आणायची गरज नाही, तो खिडकीत उभा आहे.

घराच्या बाहेरून हा रंग द्यायचा मोह झाला तर थोडक्यात सांगते: पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला देऊ नका. चोपडा-जळगावकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पडलेल्या उजेडाचा पाऊण भाग पिणारी भिंत म्हणजे संध्याकाळी तापलेला तवा. व्हरांड्याच्या आत, सावलीतल्या भिंतीला किंवा जोत्याच्या पट्ट्याला द्या. जोत्याला तर तो शहाणपणाचा, पावसाळ्यात उडालेली काळी माती त्यावर दिसत नाही.

आता पापडांचं पाकीट. इथं मी तुम्हाला अर्ध्यातच थांबवते. उडदाचा पापड फिका पिवळसर असतो. मोव्ह-करड्याशेजारी तो आणखी उजळ आणि ताजा दिसतो, म्हणजे उडदाच्या पाकिटाला रंग चांगला. नागलीच्या पापडाचा रंग मात्र स्वतःच याच घरातला आहे, जांभळट तपकिरी. तो या पाकिटात हरवून जाईल, आणि खाण्याच्या वस्तूभोवती करडा फार झाला की गिऱ्हाईकाला शिळेपणाची शंका येते. नागलीसाठी पाकीट मांजरपाटी पांढरं ठेवा आणि मोव्ह-करडा फक्त नावाच्या पट्टीत आणा. दोन्ही पाकिटं दुकानात शेजारी ठेवली की एका घरची दिसतील, तेवढं पुरे.

त्या पट्टीवर अक्षरं पांढरी घ्यायची असतील तर जपून. मी दिलेल्या मध्यम छटेवर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, ३.८ ला १ येतो. वेबसाइटसाठी वाचनसुलभतेचा जो मान्य नियम आहे त्यात बारीक मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. मोबाइलवर जे वाचता येत नाही ते फळीवरच्या पाकिटावरही येत नाही, म्हणून छपाईलाही मी तोच धरते. म्हणजे 'उडीद पापड' हे मोठं नाव पांढऱ्यात चालेल, पण वजन, किंमत, घटक आणि तारीख नाही. छटा १२८, ११४, १२० पर्यंत गडद केली की ४.५ च्या किंचित वर जाते. किंवा बारीक मजकूर सरळ काळ्यात छापा, तोच मध्यम छटेवर ५.५ ला १ दिसतो. चष्मा विसरून दुकानात आलेल्या काकांना तारीख वाचता आली पाहिजे, ताई.

छापखान्यात हा रंग चार शायांच्या बारीक तोलावर उभा असतो. डिझाइन करणारा संगणकावरचा रंग तसाच बदलून देतो तेव्हा सायन, मॅजेंटा, पिवळी तिन्ही जवळजवळ सारख्या, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात येतात, आणि मशिनवर मॅजेंटा जरा वाढली की पाकीट गुलाबी, सायन वाढली की निळं. त्यापेक्षा करड्याचं काम काळ्या शाईला द्या. काळी ४०, मॅजेंटा २०, पिवळी १२, सायन १० इथून सुरुवात करून प्रूफ, म्हणजे नमुन्याची छपाई, काढा. रंगीत शाया थोड्याच असल्यामुळं त्या हलल्या तरी रंग फारसा हलत नाही. धंदा वाढला आणि मोठी ऑर्डर द्यायची वेळ आली की हीच छटा स्पॉट शाई, म्हणजे आधीच मिसळून ठेवलेली एकच शाई, म्हणून बनवून घ्या, मग दरवेळची काळजी मिटते. प्रूफ पाहायचं ते ज्या कागदावर किंवा प्लास्टिकवर छपाई होणार त्यावरच. साधा कागद शाई पितो आणि हा आधीच मंद असलेला रंग आणखी बसतो.

राहिल्या सासूबाई. त्यांचा शब्द सोडून देऊ नका. हॉलमध्ये दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ त्या बसणार आहेत. वर सांगितलेल्या फळ्यांपैकी सगळ्यात मातकट फळी त्यांच्या रोजच्या बसायच्या जागेमागं आठ दिवस टेकवून ठेवा. तिच्यापुढं पितळेचं काहीतरी ठेवा, दिवा आधीच बदललेला असू द्या, आणि रंगाबद्दल एक शब्द बोलू नका. नवव्या दिवशी फळी उचला आणि विचारा. "कुठं गेली ती" म्हणाल्या, तर पेंटरला बोलवा. "बरं झालं काढली" म्हणाल्या, तर हॉल मांजरपाटी पांढऱ्यात करा आणि हा रंग जिन्याखालच्या भिंतीला द्या. तिथं एक लिटरमध्ये काम होतं.